रोजच्या स्वयंपाकाचे पुस्तक : मराठी पाकसाहित्याचा आढावा

मराठी पाकसाहित्याचा विचार करताना पाककृतींची पुस्तके, नियतकालिकांतील पाककृतींची सदरे आणि खाण्याविषयीचे ललित वा संशोधनपर लेखन हे तिन्ही प्रवाह एकत्र धरावे लागतात, कारण घरी स्वयंपाक करणारी व्यक्ती तिन्हींकडे कमी-अधिक वळते आणि तिच्या प्रत्येकाकडून असलेल्या अपेक्षा निराळ्या असतात. या साहित्याची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते. एक तर विस्मरणात चाललेल्या पदार्थांची नोंद म्हणून त्याचे कौतुक केले जाते, नाहीतर कोणत्या समाजाचे अन्न त्यात आले आणि कोणाचे वगळले गेले याचा हिशेब मांडला जातो. दोन्ही चर्चा आवश्यकच आहेत. पण सकाळी डबे भरून संध्याकाळी पुन्हा ओट्याशी उभे राहणाऱ्या वाचकाला या पुस्तकांचा प्रत्यक्षात किती उपयोग होतो, हा साधा प्रश्न त्या दोन्हींत मागे पडतो. तो पुढे घेतला, तर असे दिसते की मराठी पाकपुस्तकांनी गेल्या दीडशे वर्षांत प्रमाण लिहिण्याची कला चांगली आत्मसात केली, रोजचा स्वयंपाक मात्र त्यांनी अपवादानेच लिहिला.

हे विधान तपासून पाहण्यास पुण्याच्या दक्षिणेकडील बिबवेवाडी सोयीची आहे. एके काळी स्वतंत्र गाव असलेली ही वस्ती आता महापालिकेच्या हद्दीतील दाट उपनगर झाली आहे. तिच्या एका अंगाला गुलटेकडीचे मार्केट यार्ड, म्हणजे पुणे कृषी उत्पन्न बाजार समितीचे घाऊक बाजार आवार आहे आणि दुसऱ्या अंगाला अप्पर इंदिरानगरची चढावरची वस्ती. यार्डातील भुसार मालाच्या, म्हणजे धान्य, कडधान्ये आणि डाळींच्या व्यापारातील मारवाडी, गुजराती आणि जैन कुटुंबे, त्याच यार्डात पाठीवर पोती वाहणारे हमाल आणि वजन करणारे तोलणार, गृहनिर्माण सोसायट्यांतील नोकरदार, अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे खोल्या घेऊन राहणारे विद्यार्थी, अशी सगळी माणसे येथे शेजारी शेजारी नांदतात. एका इमारतीत कांदा, लसूण आणि बटाटा वर्ज्य असलेले जेवण सूर्यास्ताआधी उरकते, तर तिच्यापासून हाकेच्या अंतरावर कांदा-लसूण मसाल्यावाचून कालवण होत नाही. मराठी पाकपुस्तकांचे कपाट या सगळ्या स्वयंपाकघरांसमोर मांडले, तर कोणाच्या हाती काय लागेल, अशा बेताने पुढील आढावा घेतला आहे.

स्वयंपाकावर ग्रंथ लिहिणे या प्रदेशाला नवे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात 'अन्नभोग' नावाचे प्रकरण असून त्यात मांडे, वडे, पुऱ्या यांच्या पूर्वजांपासून भाजलेल्या मांसापर्यंत अनेक पदार्थांचे वर्णन येते. पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने 'भोजनकुतूहल' रचले, ज्याचा संबंध तंजावरच्या मराठी राजघराण्याशी येतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात दीर्घकाळ काम केलेले प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि जिलेबीसारख्या पदार्थाचा इतिहास लिहिताना त्याचा आधार घेतला. गोड्यांचे हे लेख आजही वाचनीय आहेत, कारण खाण्याच्या पदार्थाचा शोध हस्तलिखितांतून किती चिकाटीने घेता येतो याचा तो मराठी विद्वत्तेतील उत्तम नमुना आहे. मात्र या जुन्या ग्रंथांत अन्नाचे गुणदोष आणि राजाच्या ताटाची शोभा यांचा विचार आहे. चुलीपुढे बसणारा माणूस त्यांचा वाचक नाही, तो फार तर हुकमाचा ताबेदार आहे.

हा वाचक प्रथम छापखान्याने निर्माण केला. १८७५ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झालेले रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' हे मराठीतील सर्वांत आधीच्या छापील पाकपुस्तकांपैकी एक मानले जाते. सूपशास्त्र म्हणजे पाकशास्त्र. हे नाव जुन्या संस्कृत परंपरेतून आलेले असले, तरी पुस्तक मराठीत आणि विकत घेऊन वाचणाऱ्यासाठी आहे. ते एका पुरुषाने लिहिले, याचेही फार नवल वाटायला नको, कारण त्या काळी छापण्याइतके लिहिणाऱ्या स्त्रियाच मोजक्या होत्या. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' मुंबईत निघाले आणि लेखणी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या हाती आली. लक्ष्मीबाई पाठारे प्रभू समाजातील होत्या, त्यामुळे मासे आणि मटण यांना त्यांच्या पुस्तकात संकोच न करता जागा मिळाली. मराठी पाकपुस्तक जन्मतःच शाकाहारी होते, असा जो समज आढळतो, तो या एका पुस्तकानेच खोटा ठरतो. १९४३ मध्ये मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने चित्रापूर सारस्वतांचे पदार्थ सांगणारी 'रसचंद्रिका' मराठीत प्रसिद्ध केली आणि एका ज्ञातीच्या बायकांनी एकत्र येऊन आपले अन्न नोंदवून ठेवण्याचा प्रघात मराठीत दृढ केला.

या पुस्तकांपुढची खरी अडचण भाषेची नव्हती, मापाची होती. जुन्या पाककृतींत शेर, पावशेर, नवटाक आणि तोळा ही मापे येतात आणि ती गावोगाव बदलत. मुंबईत शेर २८ तोळ्यांचा, तर पक्का सरकारी शेर ८० तोळ्यांचा होता, म्हणजे एकाच शब्दाने सांगितलेले पीठ दुसऱ्या गावी जवळजवळ तिप्पट होऊ शकत होते. इंग्लंडात एलायझा ॲक्टन हिने १८४५ मध्येच प्रत्येक कृतीसोबत जिनसांची यादी, वजन आणि लागणारा वेळ स्वतंत्र देण्याची पद्धत रुळवली, आणि अमेरिकेत फॅनी फार्मर हिने १८९६ च्या पुस्तकात सपाट भरलेला कप आणि चमचा हे माप पक्के केले. भारतात मात्र १९५६ चा वजनमापांचा कायदा होऊन १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान पद्धत लागू होईपर्यंत किलो आणि ग्रॅम घरात आले नाहीत. ते आल्यानंतरही घरगुती स्वयंपाकघरात तराजू आला नाही, आणि आजही तो क्वचितच असतो.

या पेचातून मार्ग काढणारे पुस्तक म्हणजे कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा'. कमलाबाईंचा जन्म १९१३ मध्ये सांगली भागातील कुंडल येथे झाला आणि शाळा चौथीपर्यंतच झाली. स्वयंपाकाचे शिक्षण लग्नानंतर सासूबाईंच्या हाताखाली झाले. १९७० मध्ये 'रुचिरा' आले, त्याच्या दीड लाखांहून अधिक प्रती खपल्या, हिंदी आणि इंग्रजीत त्याची भाषांतरे झाली आणि कमलाबाईंना एक लाख सुनांची सासूबाई म्हटले जाऊ लागले. हा गौरव गमतीचा असला तरी त्यात पुस्तकाच्या यशाचे एक कारण दडलेले आहे. शहरात नवऱ्याबरोबर दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या मुलीजवळ ना आई होती ना सासू, आणि तिला विचारायला कोणी हवे होते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कमलाबाईंनी सगळे प्रमाण वाटी आणि चमचा यांत सांगितले, म्हणजे प्रत्येक मराठी घरात आधीपासून असलेले भांडेच माप म्हणून वापरले.

वाटीचे हे माप दिसते त्यापेक्षा हुशारीचे आहे. दोन घरांतील वाट्या सारख्या नसतात, हे खरेच. परंतु मराठी स्वयंपाकातील बरेचसे पदार्थ जिनसांच्या परस्पर नात्यावर अवलंबून असतात आणि ते नाते वाटी लहान असली तरी टिकते. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, किंवा शिऱ्यासाठी एक वाटी रव्याला अमुक वाट्या दूध-पाणी, असे सांगितले की सोलापूरची वाटी आणि ठाण्याची वाटी यांच्यातला फरक आपोआप नाहीसा होतो. जेथे नाते नसून केवळ मात्रा महत्त्वाची असते, तेथे ही पद्धत लंगडी पडते. मीठ, तिखट, हिंग आणि सोडा ही त्याची ठळक उदाहरणे आहेत, आणि म्हणूनच 'मीठ चवीनुसार' हे मराठी पाकलेखनातील सर्वाधिक वापरले गेलेले आणि नवख्या माणसाला सर्वांत कमी उपयोगी पडणारे वाक्य ठरते. पाकाच्या बाबतीत तर कोणतेही भांडे कामी येत नाही. एकतारी, दोनतारी आणि गोळीबंद या पाकाच्या अवस्था बोटांत धरून किंवा पाण्यात थेंब टाकूनच ओळखाव्या लागतात. कांदा तांबूस होईपर्यंत, खमंग वास सुटेपर्यंत, मसाल्याला तेल सुटेपर्यंत, हे शब्दप्रयोगही मापेच आहेत, फक्त ती डोळ्यांची आणि नाकाची आहेत. चांगले पाकपुस्तक ही दोन्ही मापे जाणीवपूर्वक वेगळी ठेवते, वाईट पुस्तक त्यांची सरमिसळ करते आणि मग वाचकाला आपणच ढ आहोत असे वाटू लागते.

इंधन बदलले तसे मापही बदलत गेले, हे या पुस्तकांच्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या की ध्यानात येते. चुलीच्या काळात खाली-वर विस्तव, निखारे आणि मंद आच असे शब्द होते, आणि नानकटाईसारखा पदार्थ भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवून भाजला जाई. स्टोव्ह, गॅस आणि प्रेशर कुकर यांचा मध्यमवर्गीय घरांत प्रसार झाल्यानंतर वेळेचे एक नवे एकक रूढ झाले, ते म्हणजे शिट्टी. तीन शिट्ट्या म्हणजे नेमकी किती मिनिटे, हे कुकरच्या आकारावर, आतल्या पाण्यावर आणि आचेवर अवलंबून असते, तरीही लाखो घरांत डाळ याच मापाने शिजते. वाटीइतकेच शिट्टी हेही मराठी गृहिणीने आपणहून शोधलेले माप म्हणावे लागेल, कारण कुकरसोबत येणाऱ्या पुस्तिकेत बहुधा मिनिटेच दिलेली असतात.

'रुचिरा'सोबत मंगला बर्वे यांची 'अन्नपूर्णा', लक्ष्मीबाई वैद्य यांची 'पाकसिद्धी' आणि जयश्री देशपांडे यांची 'हमखास पाकसिद्धी' ही पुस्तके मराठी घरांत स्थिरावली. किर्लोस्करांचे १९३० पासूनचे 'स्त्री', त्यानंतर पुण्याहून निघू लागलेली 'मेनका' आणि 'माहेर' अशा मासिकांनी आणि दिवाळी अंकांच्या फराळाच्या पानांनी या साहित्याला वाचक पुरवला. तमिळमध्ये १९५१ साली आलेले एस. मीनाक्षी अम्मल यांचे 'समैत्तु पार' हे याच जातीचे पुस्तक आहे. तेही घरातल्या मुली-सुनांना हवे म्हणून लिहिले गेले आणि पुढे परदेशी जाणाऱ्या प्रत्येक पेटीत जाऊन बसले. तमिळ आणि मराठी पुस्तकांतील हे साम्य योगायोगाचे नाही. एकत्र कुटुंबातून शहरातील किंवा परदेशातील छोट्या बिऱ्हाडात जाताना शिकवणारी माणसे मागे राहतात, आणि ती उणीव दोन्ही भाषांतील पुस्तकांनी भरून काढली.

आता मूळ आक्षेपाकडे वळता येईल. अशी सर्व पुस्तके चाळली असता पानांची वाटणी विषम दिसते. पक्वान्ने, फराळाचे पदार्थ, मसालेभात, सणावारांचे नैवेद्य, पाहुण्यांसाठीचे नाश्ते आणि केक-आइस्क्रीम यांना भरघोस जागा मिळते. भाकरी, पिठले, पालेभाजी, कडधान्याची उसळ आणि आमटी यांना तुलनेने थोडी, आणि या सगळ्यांचे मिळून जेवण कसे होते याला तर बहुधा काहीच नाही. 'रुचिरा' येथेही इतरांहून उजवे आहे, कारण त्यात आमट्या, भाज्या, चटण्या आणि कोशिंबिरी मानाने येतात. तरीही त्यात पदार्थ सुटेसुटे मांडलेले आहेत. घरी रोज स्वयंपाक करणाऱ्याची विवंचना अशी नसते की अळूचे फदफदे कसे करावे. ती अशी असते की अर्धी जुडी मेथी, कालची डाळ आणि पाऊण तास हाताशी असताना चौघांचे काय करावे. पाकपुस्तक पदार्थापासून सुरू होऊन जिनसांकडे जाते, घरचा स्वयंपाक जिनसांपासून सुरू होऊन पदार्थाकडे येतो. बहुतेक मराठी पुस्तकांची अनुक्रमणिका भाताचे प्रकार, भाज्यांचे प्रकार, गोड पदार्थ अशी वर्गवारीची असते, जिनसांनुसार सूची क्वचितच आढळते, आणि हा दोष सहज दूर करण्याजोगा असूनही तो पिढ्यान् पिढ्या तसाच राहिला आहे.

याची कारणे समजण्याजोगी आहेत. रोजचा स्वयंपाक मुलीला घरातच येतो, असे गृहीत धरले गेले, त्यामुळे घरचे शिक्षण जेथे संपते तेथून पुस्तक सुरू झाले. शिवाय विकत घेतलेल्या पुस्तकात वरण कसे करावे हे वाचायला मिळाले, तर पैसे फुकट गेले असे गिऱ्हाइकाला वाटेल, ही प्रकाशकाची धास्तीही अगदीच निराधार नव्हती. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ मधील आपल्या गाजलेल्या निबंधात भारतीय पाकपुस्तकांचा, विशेषतः इंग्रजीतील पुस्तकांचा, अभ्यास करून असे दाखवले की शहरी मध्यमवर्गातील स्त्रियांच्या देवाणघेवाणीतून एक 'राष्ट्रीय' पाकपरंपरा घडत गेली, जिच्यात प्रांतोप्रांतीचे निवडक आणि दिखाऊ पदार्थ पुढे आले. मराठी पुस्तकांना हे निरीक्षण अंशतः लागू पडते. छोले, इडली आणि मंचुरियन यांना नंतरच्या आवृत्त्यांत जागा मिळत गेली, आणि ज्वारीच्या कण्या किंवा हुलग्याचे माडगे यांना ती मिळाली नाही.

रोजच्या जेवणाची सर्वांत भेदक नोंद मराठीत झाली ती पाकपुस्तकांच्या परंपरेबाहेर, हे या आढाव्यातून निघणारे सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण म्हणावे लागेल. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) या आत्मकथनांत काय शिजले, किती शिजले, कोणाच्या वाट्याला किती आले आणि काहीच शिजले नाही तेव्हा काय केले, हे सांगितलेले आहे. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री-अभ्यास केंद्राने २००९ मध्ये शर्मिला रेगे यांच्या मार्गदर्शनाखाली दलितांच्या अन्नस्मृती आणि पाककृती यांचे एक इंग्रजी पुस्तक तयार केले, ज्यात विद्यार्थ्यांनी घरोघरच्या आठवणी आणि कृती एकत्र मांडल्या आणि भारतीय ताट म्हणजे नेमके कोणाचे ताट, असा सरळ प्रश्न विचारला. त्यानंतर २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले. मराठवाड्यातील महार आणि मांग या दोन समाजांच्या खाद्यसंस्कृतीचा हा अभ्यास एकाच वेळी आत्मकथन, टीकाग्रंथ आणि पाकपुस्तक आहे, आणि २०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांच्या इंग्रजी भाषांतरातून तो मराठीबाहेर पोहोचला.

पाटोळ्यांच्या पुस्तकाकडे सहसा वगळलेल्या अन्नाचा दस्तऐवज म्हणून पाहिले जाते, आणि ते रास्तच आहे. जनावराचे सगळे अवयव कसे उपयोगात आणले जात, मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या म्हणजे चान्या कशा साठवल्या जात, भाजलेली धान्ये आणि मोजके मसाले दळून केलेल्या येसराने पातळ कालवणाला दाटपणा कसा आणला जाई, हे त्याआधी छापील पाकपुस्तकात येत नव्हते. पण घरी स्वयंपाक करणाऱ्याच्या दृष्टीने त्याचे मोल आणखी एका कारणासाठी आहे. तेल नसताना फोडणीचे काय करायचे, थोड्या ऐवजात जास्त माणसे कशी जेववायची, टाकून द्यायचे काहीच नाही तेव्हा काय शिजते, या प्रश्नांची उत्तरे तेथे आहेत, आणि हे रोजचे प्रश्न आहेत. सुबत्तेतील पाकपुस्तक जिनसांची यादी देऊन वाचकाला बाजारात पाठवते. टंचाईतला स्वयंपाक घरात असेल त्यावर भागवतो, आणि या बाबतीत बहुतेक घरांची संध्याकाळ टंचाईच्याच बाजूला झुकलेली असते.

ललित लेखनाविषयी थोडक्यात सांगता येईल. पु. ल. देशपांडे यांचा 'माझे खाद्यजीवन' हा 'हसवणूक'मधील लेख मराठी माणसाच्या जिभेवर इतका रुळला आहे की खाण्यावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण कळत-नकळत त्याच्याच वळणाने जातो. ते वळण मात्र खाणाऱ्याचे आहे. त्यात आस्वाद आहे, गावोगावच्या पदार्थांची रसाळ स्मरणयात्रा आहे, पण भांडी कोणी घासली याचा पत्ता नाही. दुर्गा भागवतांचे 'खमंग' यापेक्षा निराळे आहे. लोकसाहित्याच्या थोर अभ्यासक असलेल्या दुर्गाबाई स्वतः हौसेने रांधत, त्यामुळे पदार्थाची लोकपरंपरा आणि त्याची कृती त्यांच्या लेखनात एकमेकींपासून वेगळ्या पडत नाहीत. मराठीत विद्वत्ता आणि ओटा यांचे इतके नैसर्गिक सख्य दुसऱ्या कोणाच्या लेखनात क्वचितच आढळेल. कौमुदी मराठे यांचे २००९ मधील पाकपुस्तक आणि सई कोरान्ने-खांडेकर यांचे २०१९ मधील 'पंगत' ही इंग्रजी पुस्तके मुख्यतः मराठी न वाचणाऱ्या मराठी कुटुंबांना आणि बाहेरच्या वाचकांना आपल्या जेवणाची ओळख करून देतात, आणि ते काम ती नीट करतात.

दूरचित्रवाणीवरील 'आम्ही सारे खवय्ये'सारखे कार्यक्रम आणि पुण्यातील मधुरा बाचल यांच्या 'मधुराज रेसिपी'सारखी चित्रफितींची मालिका यांनी पुस्तकांचा एक जुना प्रश्न सोडवला. तांबूस म्हणजे किती तांबूस आणि भाकरीचे पीठ किती मळलेले, हे आता डोळ्यांनी पाहता येते. साध्या पदार्थांच्या चित्रफितींना असलेला प्रचंड प्रेक्षकवर्ग पाहता, वरण-भात छापला तर पुस्तक खपणार नाही ही प्रकाशकांची समजूत चुकीची होती असे म्हणण्यास जागा आहे. मात्र येथेही मांडणी पदार्थानिहायच राहिली, आणि रोज काहीतरी नवे दाखवण्याच्या गरजेपोटी तोच पदार्थ नव्या विशेषणांसह पुनःपुन्हा येत राहतो.

बिबवेवाडीच्या स्वयंपाकघरांसमोर हे सारे ठेवून पाहिले, तर कोणाच्या हाती काय लागते? सोसायटीतील मराठी नोकरदार कुटुंबाला 'रुचिरा' आणि त्याच्या पंक्तीतील पुस्तके सणासुदीला आणि नवे लग्न झालेल्यांना भरपूर देतात. जैन आणि मारवाडी शेजाऱ्यांना ती फारशी उपयोगी नाहीत, कारण कांदा, लसूण आणि कंदमुळे वगळून तोच पदार्थ कसा साधावा, याची पर्यायी कृती मराठी पुस्तकांत सहसा दिलेली नसते. प्रत्यक्षात मात्र एकच स्वयंपाकीण बाई सकाळी मराठी घरी आमटी आणि दुपारी मारवाडी घरी गट्ट्यांची भाजी करत असतात. या बाईंचा उल्लेख पाकसाहित्यात जवळजवळ नाही. पुण्यात घरकामगार स्त्रियांनी १९८० मध्ये उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, हा शहराच्या इतिहासाचा भाग आहे. परंतु पोळ्यांच्या बाई पाच घरांत पाच चवी कशा सांभाळतात, एका तासात पोळी-भाजी-आमटी-भात कोणत्या क्रमाने उरकतात, हे कौशल्य अजून कोणी लिहून घेतलेले नाही. वेळेच्या हिशेबाने पाहता या शहरात त्यांच्याइतका तयार हात दुसरा नसेल.

यार्डातील हमालाची गरज आणखी वेगळी आहे. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीने १९७०च्या दशकात सुरू केलेल्या 'कष्टाची भाकर' या उपक्रमाने कष्टकऱ्यांना स्वस्त आणि पोटभर जेवण देण्याचे काम केले, आणि रोजच्या जेवणाचा विचार किंमत, पोषण आणि चव या तिन्हींनी एकदम करता येतो हे दाखवून दिले. एखाद्या पाकपुस्तकाने असा तिहेरी हिशेब मांडल्याचे उदाहरण मराठीत शोधावे लागते. आणि विद्यार्थ्याला तर एका शेगडीवर, एका कढईत, फ्रिजशिवाय दोन वेळचे कसे भागवावे, एवढेच हवे असते.

याच कारणाने आता मराठीत जे पुस्तक हवे आहे, ते हजार पदार्थांचे नसून पन्नास-साठ जिनसांचे आहे. मार्केट यार्डात कोणत्या महिन्यात काय स्वस्त येते, त्याच्याशी प्रत्येक जिन्नस जोडलेला असावा. कांदा-लसणासह आणि त्यांवाचून अशा दोन्ही कृती शेजारी असाव्यात. उरलेल्या भाताचे, शिळ्या पोळीचे आणि कालच्या उसळीचे काय करावे हे परिशिष्टात न ढकलता मूळ प्रकरणातच यावे. प्रत्येक कृतीपुढे लागणारा वेळ आणि अंदाजे खर्च द्यावा. आणि शेवटी जिनसांनुसार सूची असावी. वाटी-चमच्याचे माप जसेच्या तसे ठेवावे, फक्त पुस्तकातली वाटी किती मिलिलिटरची धरली आहे हे पहिल्या पानावर सांगावे. प्रकाशकांनी जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या काढताना निदान ही सूची आणि हे एक वाक्य जोडले, तरी त्यांचा उपयोग दुपटीने वाढेल.

वाचकांनाही एक विनंती करता येईल. ज्या घरांत हाताने लिहिलेल्या पाककृतींच्या वह्या आहेत, तेथे त्या जपल्या जातातच. पण त्यांत बहुधा अनारसे, चिरोटे आणि लोणचीच असतात. त्याच वहीच्या मागच्या पानांवर आठवडाभराच्या दोन्ही वेळच्या जेवणाची नोंद करावी : काय केले, कशापासून केले, किती वेळ लागला, काय उरले. स्वयंपाकाला बाई येत असतील तर त्यांच्याकडून ऐकून, त्यांच्या नावानिशी आणि त्यांच्या संमतीने लिहावी, आणि जवळच्या ग्रंथालयात तिची एक प्रत द्यावी.